खाडीकाठचं खळं

बेदाण्याचा वास आला की मला समुद्र आठवतो. हे बोलून दाखवलं तर आमच्या तासगावात लोक हसतील. इथून समुद्र कुठल्या कुठे, मध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडलेला. पण फाल्गुन लागला, द्राक्षाचा चांगला माल गाड्यांत भरून गेला आणि उरलेले घड शेडकडे वळले की हवा बदलते. ऊन वाळत घातल्यासारखा एक गोडसर, जरासा आंबूस वास सगळ्या शिवारावर पसरतो. मी कुंडलच्या शाळेत शिकवतो. दहावीच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणावरून दुपारी परत येताना मोटारसायकल शिवेवर आली की तो वास एकदम अंगावर येतो, आणि डोळ्यांपुढे येते ती एक खाडी. ओहोटीची, राखाडी, लांबवर चमकणारी. यंदाही आली.

तीन-चार वर्षं झाली असतील त्या हंगामाला. माझी आत्ती त्या वर्षी आमच्याकडे राहायला आली होती. आत्ती म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नाव शेवंता. लग्न होऊन ती रहिमतपुराजवळच्या एका गावी गेली, पण तिथं तिचा संसार फार दिवस झालाच नाही. दिरांपैकी एक फौजेत, दुसरा ऊस सांभाळणारा, आणि तिचा नवरा मुंबईच्या गोदीत कामाला. त्यामुळे वर्षाच्या आत ती मुंबईच्या वरच्या अंगाला, खाडीच्या काठच्या एका वस्तीत गेली. तिथली त्यांची इमारत सगळी आपल्याकडच्याच माणसांनी भरलेली होती. कुणी पाटणचं, कुणी वाळव्याचं, कुणी जतचं. आत्तीचं सगळं आयुष्य तिथं गेलं. नवरा तिथंच वारला. मुलगा सुनील तिथंच शिकला आणि नोकरीला लागला.

तरी तिला कुणी गाव विचारलं की ती सांगायची, "तासगाव."

ती इमारत जुनी होऊन धोकादायक ठरली. पाडून नवी, उंच इमारत बांधायचं ठरलं आणि बिऱ्हाडं पांगली. सुनीलनं लांबच्या एका उपनगरात भाड्याची जागा घेतली. तिथं आत्तीचं मन लागेना. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते, एवढीच तिची तक्रार होती. मग आप्पाच म्हणाले, "शेवंते, ये हिकडं. शेड उतरूस्तवर ऱ्हा." तशी ती आली. एक पेटी, एक पिशवी आणि हातात तो मोबाईल.

आमचं शेड फार मोठं नाही. पत्र्याखाली मजल्यावर मजले असे जाळ्यांचे रॅक, त्यांवर पसरलेली द्राक्षं, आणि चारी बाजूंनी ऊन अडवायला हिरवं कापड सोडलेलं. दुपारी त्या कापडातून जो उजेड आत येतो, तो दुसरीकडे कुठे पाहिल्याचं मला आठवत नाही. माणसांचे चेहरे हिरवट होतात, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. वारा सुटला की कापड फुगतं आणि परत खाली बसतं, जणू शेडच श्वास घेतं आहे. द्राक्षं वरच्या वर सुरकुतत असतात. आज हिरवी, परवा पोपटी, मग एके दिवशी सोनेरी. ती कधी बदलली ते रोज पाहणाऱ्यालाही सांगता येत नाही.

त्या हिरव्या उजेडात बायका काड्या काढत, डागी माल वेगळा करत बसायच्या. त्यांच्यात शालन होती. जतच्या पलीकडच्या माळावरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. आता त्यांची थोडी शेती आहे, पण हंगामात ती शेडवर येते. आत्ती तिच्या शेजारी बसली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये एक नवीच गोष्ट सुरू झाली. इमारतीतल्या पांगलेल्या माणसांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. दिवसभर त्यावर त्या वस्तीच्या बातम्या यायच्या. आत्तीला वाचायला वेळ लागायचा, म्हणून लोक बोलूनच निरोप टाकायचे. ती फोन मांडीवर ठेवून तो मोठ्यानं लावायची, आणि बायका काड्या काढता काढता ऐकायच्या.

नाल्यातला गाळ काढला, पण रस्त्यावरच टाकून ठेवला. पाणी आलं ते गढूळ. खाडीवरच्या पुलाचं काम परत थांबलं. कुणीतरी कांदळवनात राडारोडा ओतून गेलं. बालवाडीपुढचा दिवा पेटत नाही. अशा त्या बातम्या. कुठल्याही मोठ्या वर्तमानपत्रात त्यांना जागा मिळायची नाही. पण आमच्या शेडमध्ये त्या रोज वाट बघून ऐकल्या जात. सकाळी आल्या आल्या शालन विचारायची, "आत्ती, आज काय झालं तुमच्या खाडीवर? दिवा लागला का?"

"न्हाई लागला अजून."

"मग पोरं पडत्याली की वं अंधारात."

जिनं समुद्र कधी पाहिला नाही, ती बाई त्या दिव्याची काळजी करत होती. एकदा तिनं विचारलं, "समुद्राला शीव कोण घालतं वं? ह्यो तुमचा, ह्यो आमचा असं असतंय का?" आत्तीनं हातातली काडी बाजूला टाकली. मग म्हणाली, "समुद्राला न्हाई. काठाला असती."

मला आता वाटतं, ती ते बोलली तेव्हाच तिच्या मनात पुढचं सगळं सुरू झालं असावं.

त्याच आठवड्यात ती बातमी आली. इमारतीच्या एका अंगाला कोळीवाडा होता, आणि दोन्हींच्या मधोमध मोकळी जागा. तिथं कोळणी बोंबील वाळवायच्या. बांबू रोवून, त्यांना दोऱ्या बांधून, त्यांवर दोन-दोन बोंबील एकमेकांत अडकवून टांगलेले. इमारत नवी होतेय तर ती जागा पालिकेकडून रस्त्यासाठी आणि गाड्यांसाठी मागून घ्यावी, असं काही जणांच्या मनात आलं. त्यासाठी रहिवाशांची सभा बोलावली होती. ग्रुपवर एकामागून एक आवाज आले. बरं होईल, वास तरी जाईल. गाड्या लावायला जागा होईल. नव्या इमारतीत माश्या कोण सहन करणार? आणि मग एक आवाज आला, तो सुनीलचा.

"रस्ता झालाच पाहिजे. आमच्या घरावर काय वेळ आली होती ते सगळ्यांना माहीत आहे. मी सभेला येणार आहे."

आत्तीनं फोन पालथा ठेवला. त्या दिवशी तिनं पुढची बातमी लावली नाही, आणि शेडमधल्या कुणीही विचारलं नाही.

सुनील चुकीचं काही बोलत नव्हता, हे इथं सांगायला हवं. त्याच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा तो कामासाठी परगावी होता. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथंच अडकली. आत वळायला जागा नव्हती. दवाखान्यात पोचायला उशीर झाला आणि माणूस गेला. सुनील आला तो थेट अंत्यविधीला. तेव्हापासून त्या अरुंद गल्लीबद्दल त्याच्या मनात एक गाठ बसली होती. रस्ता म्हणजे त्याच्यासाठी नुसता रस्ता नव्हता.

आणि ती मोकळी जागा आत्तीसाठी नुसती जागा नव्हती.

त्या जागेची गोष्ट तिनं मला संध्याकाळी शेडबाहेर बसून सांगितली. नवी नवरी म्हणून ती तिथं गेली, तेव्हा वासानं तिला भोवळ आली होती. आमच्यात जत्रेला मटण होतं, पण समुद्राचा मासा कुणी पाहिलेला नाही. ती नाकाला पदर लावून घरात बसायची. एके दिवशी नळ बंद झाला आणि पाण्यासाठी कोळीवाड्यातल्या विहिरीवर जावं लागलं. वाटेत ती मोकळी जागा. एक तरणीताठी कोळीण तिथं झाडत होती आणि पोरांना ओरडत होती, "खल्यात नको रे, खल्यात नको!"

"मी थबकलेच बघ," आत्ती म्हणाली. "खळं? हितं खळं? मग मी पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी गेले. ती बघतच ऱ्हायली. म्हणली, काय गो, चपला कशाला काढल्यास? मी म्हणलं, खळ्यात चपला घालत न्हाईत आमच्यात."

ती कोळीण म्हणजे चांगुणा. तिथून त्यांची ओळख झाली. सुनील झाला तेव्हा आत्तीला दूध येईना. पोर रडून रडून आवाज बसलेलं. चांगुणानं मुशी माशाचं कालवण करून आणलं, दारात उभी राहून तिला ते प्यायला लावलं. आत्ती नाक दाबून प्याली. पुढच्या दिवसांत दूध आलं. त्यानंतर वासाबद्दल आत्ती कधी बोलली नाही.

मला आमचं खळं आठवतं. मी अगदी लहान होतो. शेणानं सारवलेला तो मोठा गोल, मधोमध बैल बांधायचा तिवडा, ज्वारीचं भूस उडत असलेलं, आणि त्या भुसात तिरपा होऊन पडलेला उन्हाचा पट्टा. आता आमच्याकडे खळं उरलेलं नाही. मळणीयंत्र आलं, ज्वारी गेली, द्राक्षं आली. तो शब्द नुसता म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिला. आणि तिकडे, आमच्या मुलखाला पाठ करून बसलेल्या त्या महानगरात, लाखो दिव्यांच्या मध्ये कुठेतरी कोळणींनी तो जिवंत ठेवलेला.

काही दिवसांनी चांगुणाच आली. आत्तीनं तिला फोन करून नुसतं "ये" म्हटलं होतं. मी तिला आणायला तासगावच्या स्टँडवर गेलो. द्राक्षाच्या ट्रॅक्टरांच्या गर्दीतून एसटी आत आली आणि दारातून ती उतरली. घट्ट काष्ट्याचं हिरवं-पिवळं लुगडं, कानात जड सोनं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. प्रवासात सुकलेला, तरी तसाच. स्टँडवरची माणसं वळून वळून पाहत होती. तिला त्याचं काहीच नव्हतं. "तू शेवंताचा भाचा नं रे? नाक तिचाच हाय," ती म्हणाली आणि आपली जड पिशवी माझ्या हातात दिली. पिशवीत सुके बोंबील होते. मोटारसायकलवर ती मागे बसली आणि वाटभर बोलत होती. दोन्ही अंगांना द्राक्षबागा मागे पळत होत्या आणि माझ्या पाठीमागून समुद्राचा वास येत होता. बागांच्या मधून समुद्र चालला आहे असं काहीतरी मला तेव्हा वाटलं होतं. अजूनही त्या रस्त्यानं जाताना वाटतं.

आत्ती शेडच्या तोंडाशी उभी होती.  आत्तीनं तिचा हात धरला आणि तिला आत नेलं. हिरव्या उजेडात शिरताच चांगुणा थांबली. मान वर करून तिनं एकावर एक चढत गेलेले रॅक पाहिले, जाळ्यांवरची अर्धी वाळलेली द्राक्षं पाहिली, बायका पाहिल्या.

"अगो बाय," ती म्हणाली, "यो तं आमचाच खला!"

मग ती रॅकमधून हिंडली. जाळीखाली हात घालून तिनं द्राक्ष चाचपलं, वाकून वास घेतला. खाली बसली आणि शालनच्या पुढ्यातला मूठभर माल उचलून निवडायलाही लागली. हिरवं कापड फुगलं तसं ती हसून म्हणाली, "पान्याखाली बसल्यावानी वाटतंय गो हितं." शालननं तिला दिव्याचं विचारलं. दिवा लागला होता. चांगुणानं ते सांगितलं तेव्हा सगळ्या शेडला बरं वाटलं.

ती दोन दिवस राहिली. आमच्या घरात पहिल्यांदा बोंबील भाजले गेले. आई पदर नाकाला लावून परसात गेली, पण आप्पांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आप्पा आणि चांगुणा, दोघांचं एका गोष्टीवरून जमलं. दुपारी ढग आले की दोघंही एकदम वर पाहायचे. अवेळी पाऊस आला की द्राक्ष काळं पडतं. बोंबीलही कुजतो. आप्पा म्हणायचे, "ह्या वक्ताला नको रं बाबा." ती म्हणायची, "नको रं देवा." आणि ढग निघून गेले की दोघं आपापल्या कामाला लागायचे. त्या दुपारी ओट्यावर नुसतं बसून, त्या दोघांचे वर उचललेले चेहरे पाहत मी काही न करता किती वेळ घालवला असेल! कोकिळा ओरडत असायच्या. कुठेतरी ट्रॅक्टर घुमायचा. परीक्षेचे गठ्ठे घरात माझी वाट पाहत पडलेले असायचे.

जायच्या आदल्या संध्याकाळी आप्पांनी तिला विचारलं, "आवं, तुमच्या त्या खळ्याचं काय करणार आता?"

"काय करनार दादा? तुमच्या जमिनीला सातबारा हाय. आमच्या खल्याला नाय. माझी सासू तितं बसायची, तिची सासू बसायची. यवराच काय तो पुरावा." ती हसली. "मी भांडाला नाय आयले. शेवंता दर वरसाला सांगायची, माजा तासगाव, माजा तासगाव. मला बघाचा होता."

आत्ती चुलीपुढे बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

चांगुणाला एसटीत बसवून आम्ही परत आलो.  घराशी उतरताना आत्ती म्हणाली, "मला सभेला पोचव रं. सुनीलला आत्ताच सांगू नगंस."

"सुनील चिडंल, आत्ती."

"चिडंल. पर त्याच्यावाचून दुसरं कोण हाय मला चिडायला?"

सभा एका शाळेच्या सभागृहात होती, रविवारी सकाळी. आम्ही पोचलो तेव्हा लोक बसत होते. सगळीकडून आपलीच बोली ऐकू येत होती. कोण पाटणचं, कोण वाळव्याचं. इतकी वर्षं शहरात राहून जराशी झिजलेली, पण आपलीच. खिडकीबाहेर खाडी दिसत होती. ओहोटी होती आणि चिखलावर बगळे चालत होते. कोळीवाड्यातल्या काही बायका दाराबाहेर उभ्या होत्या. त्या रहिवासी नसल्यामुळे आत बसू शकत नव्हत्या. त्यांच्यात चांगुणा होती. आत्तीला पाहून तिनं फक्त मान हलवली.

सुनीलनं आम्हाला पाहिलं आणि तो उठून आला. "आई, तू कशाला त्रास घेतलास?"

"आले आपली," आत्ती म्हणाली, आणि मागच्या रांगेत जाऊन बसली.

सुनील चांगला बोलला. आवाज न चढवता. वडिलांचं सांगितलं, अँब्युलन्स कुठं अडकली ते सांगितलं. "उद्या तुमच्यापैकी कुणाच्याही घरावर ही वेळ येईल," तो म्हणाला आणि खाली बसला.  मला वाटलं, संपलं. यावर कोण काय बोलणार?

आत्ती उठून उभी राहिली. तिला कुणी माईक दिला, तिनं तो हातात धरला आणि विसरली. ती तशीच बोलली.

"मला सभेत बोलायची सवय न्हाई. सुनील बोलला ते खरं हाय. गाडी आत आली न्हाई. पर त्यो त्या वक्ताला नव्हता, मी हुते." ती थांबली. पदरानं तिनं तोंड पुसलं. "गाडी येईना म्हणल्यावर ह्येंना खाटंवर घातलं. खाट जिन्यातनं खाली आणली. गल्लीनं न्यायचं तर लय लांबचा वळसा. सरळ वाट खळ्यातनं हुती, पर खळं बांबूनी भरल्यालं. चांगुणानं आणि तिच्या पोरांनी बांबू उपटलं. बोंबील भरल्यालं, सगळं मातीत गेलं. त्यांच्या चार दिवसांच्या मेहनतीवरनं खाट नेली. कुणी हूं की चूं केलं न्हाई. मोठ्या रस्त्याला गाडीत घातलं तवा ह्येंचा हात माझ्या हातात गरम हुता."

आत्तीनं दाराबाहेरच्या बायकांकडे पाहिलं.

"ती वाट हुती म्हणून मला तेवढं तरी मिळालं. तितं भिंती नि गाड्या असत्या तर कुणीकडनं नेलं असतं? आपण समदी गावाकडनं आलोय. आपल्या गावात कुणी येऊन म्हणलं, तुमच्या खळ्याचा वास येतोय, हलवा, तर आपण काय म्हणू? ती माणसं आधीपासनं तितं हायती. आपण मागनं आलो."

एक तरुण उठून म्हणाला, "पण मावशी, अँब्युलन्स यायला रस्ता तर हवाच ना?"

"हवाच की. रस्ता नको कोण म्हणतंय? तुमी शिकल्याली पोरं हायसा. दोन्ही ऱ्हातील असं काढा की कायतरी."

मग बराच वेळ गोंगाट झाला. शेवटी एका मुलीनं, ती कुठल्याशा बांधकामाच्या कचेरीत नकाशे काढायची, पुढे येऊन फळ्यावर एक वाकडी रेघ ओढली. इमारतीच्या कुंपणाचा कोपरा आत घेतला तर गाडी वळेल, खळ्याची एक कडच जाईल, आणि गाड्या लावायच्या तर त्या इमारतीच्या पोटात लावाव्या. लोकांना ते एकदम पटलं नाही. काहींनी आवाज चढवला. अखेर हात वर करायला सांगितलं. मी मान उंच करून पुढे पाहिलं. सुनीलचा हात वर गेला नाही. तो मांडीवर होता, मुठीत वळलेला. तो आईकडे पाहत होता.

त्या वाकड्या रेघेच्या बाजूनं हात जास्त निघाले. फार जास्त नव्हते. एवढ्यानं सगळं निभावलं असंही नाही. पुढे पालिकेत खेपा झाल्या, माणसं येऊन मापं घेऊन गेली, एकदा तर सगळंच उलटं फिरतं की काय असं झालं. तेव्हा कोळणींबरोबर इमारतीतल्या बायकाही कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. ते मी पाहिलं नाही, ग्रुपवरच्या आवाजात आमच्या शेडमध्ये ऐकलं. शालननं काड्या काढायचं थांबवून विचारलं होतं, "आपल्याकडची बी बसल्याती?" आणि हो म्हटल्यावर ती समाधानानं परत कामाला लागली.

पण मला जास्त आठवतो तो सभेनंतरचा प्रवास. सुनील आम्हाला आपल्या गाडीतून एसटीच्या थांब्याकडे नेत होता.  खाडीचा पूल आला. खाली पाणी परत भरायला लागलं होतं, कडेकडेनं सरकत, चिखल झाकत. सुनील समोर पाहतच म्हणाला,

"आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू इचारलंस कवा? तू सारखं गाडीचंच इचारत हुतास. गाडी कुठं अडकली, किती वेळ अडकली. ह्येंना कुणी उचललं ते इचारलंच न्हाईस."

सुनीलनं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो बसून राहिला. आत्तीनं मागच्या सीटवरून पुढे वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बाहेर पाहत राहिली. पुलावरून गाड्या जात होत्या. मी काचेतून त्या भरणाऱ्या पाण्याकडे पाहत होतो. इतकं सावकाश, इतकं बेमालूम पाणी चढताना मी कधी पाहिलं नव्हतं. मघाशी बगळे उभे होते तिथं आता नुसती चमक होती.

"त्यांची नावं सांग," बऱ्याच वेळानं सुनील म्हणाला. "खाट उचलणाऱ्या पोरांची."

आत्तीनं नावं सांगितली.

तो हंगाम संपला. बेदाणा उतरला, भरला, गेला. आत्तीही सुनीलकडे परत गेली. इमारत पुरी व्हायला वेळ लागला, पण झाली, आणि आत्ती-सुनील परत तिथं राहायला गेले. मी एकदाच गेलो आहे तिथं. लिफ्टनं वर जावं लागतं आणि वारा इतका असतो की दार आपोआप आपटतं. खळं आधीपेक्षा लहान झालं आहे. वरून पाहिलं तर बांबूंच्या रांगा दिसतात आणि वाऱ्यावर बोंबील हलतात, चांदीच्या रंगाचे. ते किती दिवस राहील, कुणी सांगू शकत नाही. शहराला जागा लागतच असते. पण मी गेलो तेव्हा ते होतं.

यंदा परीक्षा सुरू झाल्या, शेड भरलं, शालन आली, आणि आप्पा म्हणाले, शेवंतेला बोलावून घे. मी दुपारी रॅकच्या सावलीत उभा राहून तिला फोन लावला. मागे खूप वारा ऐकू येत होता.

"आत्ती, शेड भरलंय. कवा येतीयास?"

"औंदा न्हाई जमायचं रं," ती म्हणाली. तिला घाई होती. "चांगुणाचा गुडघा धरलाय. ती बाजाराला जाती तवर खळ्यात माझी पाळी असती. सोडून कशी येऊ? आप्पाला सांग, सवडीनं येते. आणि तू..."

ती मध्येच थांबली. "थांब, कावळं आलं."

फोन तिनं न बंद करताच कुठेतरी ठेवला असावा. मी कानाला लावून उभा राहिलो. वारा, कुणाचं तरी हसणं, लांबून एक होडीचं इंजिन. आणि मग त्या सगळ्याच्या वर तिचा आवाज आला. ज्वारी हुरड्याला आली की आमच्या बायका रानातल्या माळ्यावर उभ्या राहून पाखरांना घालायच्या ती हाळी, लांब, खणखणीत, शेवटाला वर चढत जाणारी,

"हाऽऽड! हाऽऽऽड!"